रेडिओ बिघडला म्हणून

पुण्यात एका कार्यक्रमानंतर एका पत्रकार मुलीनं आमच्या अमोलला विचारलं, "तुमच्या ड्रमसेटला सिंबल का नाहीत?" सिंबल म्हणजे स्टँडवर लावलेल्या त्या पितळी थाळ्या. ड्रमर म्हटला की त्या असणारच. अमोलनं जरा वेळ हनुवटी खाजवली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आम्हाला संगीतात शांततेला जागा द्यायची होती." मुलीनं ते लिहून घेतलं. मी आणि आमची गायिका तेजू एकमेकांकडे न बघता उभे राहिलो, कारण बघितलं असतं तर तिथंच फुटलो असतो.

खरं उत्तर एवढंच की शेवंतीला सिंबल चालत नव्हते. शेवंती ही म्हैस. आणि तिला काय चालतं, काय चालत नाही, हे आम्हाला येऊन सांगणारे मामा. ते आमचे कुणी नव्हते, पण सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो.

उंच, वाळलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि पायात बारा महिने गमबूट. लग्नाकार्यालाही गमबूटच, फक्त त्या दिवशी धुतलेले. आयुष्यभर दुधाचा धंदा केला, पण स्वतः दुधाला तोंड लावत नसत. वासच सहन होत नाही म्हणायचे, आणि कोरा चहा प्यायचे. म्हशींशी त्यांचं बोलणं अदबीचं. "शेवंताबाई, जरा अंग चोरता का?" असं म्हशीला विचारणार, आणि तोंड आमच्याकडे वळलं की, "ए लाकडा, बाजूला हो की!" मामींनाही हा मान नव्हता. मामी गडहिंग्लजच्या पलीकडच्या, सीमेवरच्या गावच्या. चिडल्या की कानडीत बोलायच्या, आणि मामांना कानडी येत नसल्यामुळे संसार टिकला असं मामाच सांगायचे.

सकाळी दोन म्हशी घेऊन ते कट्ट्यावर जात. आमच्या कोल्हापुरात अजून ही रीत आहे: म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, आणि फेसाळलेलं दूध तिथंच उभ्या उभ्या घशाखाली. मामांच्या कट्ट्यावर पैलवानापासून डॉक्टरपर्यंत सगळे रांगेत असत, आणि सगळ्यांना सारखाच दम मिळत असे. एकदा एक गृहस्थ कानाला फोन लावून, बोलत बोलत पेला पुढं करून उभे राहिले. मामांनी धार थांबवली.

"पावणं, आधी फोनवाल्याला वाटंला लावा."

"अहो, तुम्ही काढा की, मी पितो."

"तुमी प्याल वो. पोटाला कळाय नको व्हय, काय आलंय ते?"

गृहस्थांनी फोन खिशात ठेवला तेव्हाच धार पुन्हा सुरू झाली. एवढं बोलून घेऊनही ते दुसऱ्या दिवशी परत आले, हे विशेष.

आम्ही त्यांच्याकडे पोचलो ते नाइलाजानं. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. अमोलच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमधून सोसायटीनं आम्हाला हाकललं, एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीतून क्लासच्या सरांनी हाकललं, तेजूच्या घरी तर गिटार दिसली की तिच्या वडिलांचा रक्तदाब वाढायचा. अमोलच्या घरी मामांचं दूध येत असे. त्यांच्या गोठ्यावरचा माळा रिकामा आहे असं कळल्यावर आम्ही तिघं जाऊन हात जोडून उभे राहिलो. काय वाजवता, कोण तुम्ही, भाडं काय देणार, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"रोज येनार?"

"हो मामा."

"सांजच्याला, धारंच्या टायमाला?"

"चालेल."

"मग या. आमचा रेडिओ बिघडलाय. ह्यास्नी सवय हाय, गाण्याबिगर पान्हा सोडत न्हाईत. दुरुस्तीवाला म्हणतोय पार्ट मिळत न्हाय."

बँड म्हणून आमची पहिली नेमणूक अशी बिघडलेल्या रेडिओच्या जागी झाली. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. डोक्यावर छप्पर मिळालं होतं, आणि खालचे श्रोते सोसायटीकडे तक्रार करणारे नव्हते.

तक्रार पहिल्याच संध्याकाळी आली. अमोलनं पहिल्या गाण्याला सिंबलवर दणका दिला आणि खाली शेवंतीनं लाथ मारून भरलेली बादली आडवी केली. मामा शिडीवरून वर आले. आता खैर नाही म्हणून आम्ही भिंतीला टेकलो. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी स्टँडवरची थाळी उचकटून काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि खाली घेऊन गेले. अमोलनं शिकवण्या करून घेतलेला तो सिंबल पुढं कायम सरकी पेंडीच्या पिंपावर झाकण म्हणून राहिला. अगदी मापात बसला होता.

मग बंदी वाढतच गेली. आधी उरलेल्या थाळ्या गेल्या. मग ड्रमच्या काठ्यांना मामींच्या जुन्या लुगड्याचं कापड गुंडाळायचं ठरलं. मग तेजूच्या गिटारचा तो करकरणारा पेडल गेला. शेवटी तिचं वरच्या पट्टीत ओरडणंही गेलं. प्रत्येक हुकूम शेवंतीच्या नावानं यायचा. मामा धार काढताना आमच्याकडे कधी बघत नसत. कपाळ म्हशीच्या अंगाला टेकवलेलं, डोळे तिच्या कानावर. तिथून निकाल यायचे.

"ह्या वळीला कान टवकारला बगा बाईंनी. ही वळ ऱ्हाऊ दे."

"मामा, कानावर माशी बसली होती."

"माशीला बसाय ह्योच टाइम कसा गावला? तिलाबी कायतर वाटलं असंलच की!"

संगीतातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. एका गायकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर खपवायचे, आणि तेही अगदी ठामपणे. तुम्ही एक सनई घ्या म्हणजे तुमचं भलं होईल असं आम्हाला दर आठवड्याला सांगायचे. तरी सांगायला हरकत नाही, माझं मात्र तिथं बरं चाललं होतं. मी बेस गिटार वाजवतो. बँडमध्ये बेसवाला असला काय नि नसला काय, लोकांना फरक कळत नाही. आमचा एक फोटो काढताना तर फोटोग्राफरनं मला बाहेर उभं करून बॅगा धरायला दिल्या होत्या. मामा माझ्या वाद्याला 'घुम्या' म्हणत. घुम्या सुरू झाला की शेवंती डोळे मिटून रवंथ करायला लागायची. "तू वाजीव गा. तुझं त्यास्नी पसंत हाय," असं मामा म्हणाले त्या दिवशी मी घरी चालत गेलो आणि सगळ्या वाटेनं हसत होतो.

तेजूला मात्र त्यांनी रडवलं. ती गिटारवर फार भराभर बोटं फिरवायची. स्पर्धांमध्ये टाळ्या पडायच्या त्या तिथंच. एकदा तिचा असा एक लांबलचक तुकडा संपला आणि खालून आवाज आला, "पोरी, नुस्ता फेस काढालीस. खाली दूध किती हाय?"

तेजू गिटार टाकून निघून गेली. 'म्हशीवाल्याकडनं मी न्हाय शिकत' म्हणाली, आणि बरंच काही म्हणाली, ते लिहीत नाही. दोन दिवसांनी परत आली आणि निम्मेच सूर वाजवले. ते निम्मे सूर अधिक चांगले लागत होते हे आम्ही तिला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगायची छाती नव्हती.

आता आमची खोली राजारामपुरीत आहे, भिंतींना स्पंज लावलेली, दार लावलं की बाहेर जरासुद्धा आवाज जात नाही. मामा-मामी मामींच्या माहेराकडे राहायला गेलेत. तिकडं वैरण चांगली मिळते, शेवंतीला मानवते. आम्ही कधीमधी एसटीनं जाऊन येतो. पण स्पंजाच्या खोलीत कोणी कान टवकारत नाही, आणि गाणं बरं झालंय का हे कळायला आता फार वेळ लागतो.

गोठ्यावर असताना आमची खरी अडचण सिंबल नव्हतेच. आम्ही बरं वाजवायचो, पण कुणासारखं तरी वाजवायचो. अमोलच्या डोक्यात परदेशी बँड, तेजूच्या गळ्यात टीव्हीवरच्या स्पर्धांतला आवाज, सगळ्या पोरी काढतात तसा, नाकातून आणि हुंदका देऊन. स्वतःचं गाणं करायला बसलो की चौथ्या ओळीला कुणीतरी म्हणायचं, "अरे, हे तर त्याचंच झालं." की पुन्हा पहिल्यापासून.

हे मामांनी आम्हाला सुनावलं ते दिवाळी पाडव्याला. पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं, घुंगरं, पाठीवर नक्षी, आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं हाणायची. म्हैस त्या आवाजामागं उधळत जाते. रस्ता माणसांनी भरलेला, मोटारसायकलींचा कानठळ्या बसवणारा फडफडाट, आणि त्यात शेवंती मामांच्या खटाऱ्यामागं बरोबर चाललेली, इकडं नाही तिकडं नाही. अमोलला ते बघून राग आला. गोठ्यावर परतल्यावर तो म्हणाला, "मामा, हा एवढा आवाज चालतो, आणि माझी एक थाळी चालत नाही?"

मामा शिंगांवरची मोरपिसं सोडवत होते.

"ह्यो आवाज माझा हाय. एवढ्या गाड्यांत ती वळकतीया त्यो. तुमचा कुणाचा हाय? काल एकाचा, आज दुसऱ्याचा. तिनं वळकायचं कुणाला?"

अमोल त्या दिवशी फराळाला थांबला नाही. मलाही लागलं होतं. पण खोटं काय होतं त्यात?

दुसरं एक सांगायचं राहिलं. मामा एका म्हशीखालून उठून दुसरीखाली बसेपर्यंत मध्ये वेळ जायचा. त्यात शेवंतीचा नंबर शेवटचा, आणि बाईंची मनधरणी बराच वेळ चालायची. एवढ्यात गाणं सुरू करावं तर ते अर्ध्यावर मोडायचं. गप्प बसावं तर खालून, "रेडिओ बंद पडला काय रं?" म्हणून आम्ही काहीबाही वाजवत राहायचो. मी दोन-तीन सुरांत घुटमळायचो, अमोल कापडाच्या काठ्यांनी हळू थापत राहायचा, तेजू शब्दांशिवाय गुणगुणायची. त्याला आम्ही 'टाइमपास' म्हणायचो. शेवंतीखाली धार लागेपर्यंत रोज तेच. ते संपवून मग आम्ही आमची 'खरी' गाणी वाजवायला घ्यायचो.

पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत मामा गोठ्यात घसरले. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर. त्यांचा मुलगा राजारामपुरीत राहायचा. तो त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन गेला. बाकीच्या म्हशी मामींच्या हाताला सरावल्या. शेवंतीनं मात्र मामांशिवाय आजवर कुणाला कासेला हात लावू दिला नव्हता, तो आताही देईना. मामी बसल्या की पान्हा चोरायची. दूध कासेत तसंच. कास ताठली, गरम लागायला लागली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन थोडं काढलं, पण रोज हे करता येणार नाही म्हणाले. तिनं आपणहून सोडलं नाही तर कास दगडासारखी होईल आणि सड कायमचे जातील.

मुलगा वाईट नव्हता. तो सरळ हिशेबाचं बोलला. "बाबांचा हात बरा व्हायला महिने लागतील. तोवर हिची कास जाईल. त्यापेक्षा आजच दिलेली बरी." आणि त्यानं व्यापाऱ्याला संध्याकाळी बोलावलं. मामांना अजून सांगितलं नव्हतं.

मामी आम्हाला एवढंच म्हणाल्या, "ही गेली की ते मागं ऱ्हात न्हाईत बघा. अंथरूण धरतील."

त्या संध्याकाळी जे जे सुचेल ते झालं. मामींनी मामांची बंडी घातली, पायात ते गमबूट चढवले आणि शेवंतीजवळ बसल्या. शेवंतीनं वास घेतला, मामींकडे बघितलं आणि मान वळवली. अमोलनं मामांची मोटारसायकल गोठ्यात आणून सुरू केली. तिनं कान टवकारले, आमचा जीव भांड्यात पडतोय तोच मोटारसायकलीवर अमोल दिसला आणि कान पुन्हा पडले. व्यापारी बाजेवर बसून हे सगळं बघत होता. त्याला घाई नव्हती.

मग आम्ही वाद्यं खालीच आणली आणि आमचं सगळ्यात तयार गाणं घेतलं. स्पर्धेत बक्षीस मिळवून दिलेलं. तेजू जीव तोडून गायली. शेवंती शेपटी आपटत राहिली. दुसरं घेतलं. तिनं पाय झाडला, मामी कशाबशा वाचल्या. तिसरं अर्ध्यावरच बंद पडलं. मुलानं व्यापाऱ्याकडे बघितलं, आणि व्यापारी दावं सोडायला उठला.

मी पेंडीच्या पोत्यावर बसलो होतो. माझ्या मनात काही योजना होती असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी खाली मान घालून तारांवर बोटं ठेवली. बोटं आपोआप त्या दोन-तीन सुरांत घुटमळायला लागली. अमोलनं माझ्याकडे बघितलं आणि हळू थापायला लागला. मामींनी कपाळ शेवंतीच्या अंगाला टेकवलं होतं आणि त्या आपल्या माहेरच्या भाषेत पुटपुटत होत्या, "बा तायी, बा... बा तायी..." ये आई, ये. तेजू रोजच्यासारखी गुणगुणत होती. तिच्या तोंडून नकळत मामींचे तेच शब्द बाहेर पडायला लागले. नाकातला हुंदका नाही, काही नाही. घरात कुणाला तरी हाक मारावी तसा, तिचा रोजचा, जरा घोगरा आवाज. तो आवाज मी तिच्या बोलण्यात कितीतरी वेळा ऐकला होता. गाण्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेवंतीची शेपटी थांबली.

"थांबू नका," मामी मान न वळवता म्हणाल्या. "थांबू नका रे, येतोय."

आणि रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली. मग दुसरी. मग धारेमागून धार, दोन्ही हातांनी. बादलीचा आवाज टणटण होता तो भरता भरता जड होत गेला. व्यापारी दावं धरून तसाच उभा राहिला, मग ते त्यानं हळूच खाली ठेवलं आणि पुन्हा बाजेवर जाऊन बसला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. अमोल दात काढून हसत थापत होता. शेवंतीला आमची बक्षिसाची गाणी ओळखीची नव्हती. तिला हे ओळखीचं होतं. हे कुणाचंच नव्हतं, रोज संध्याकाळी आम्हीच थोडं थोडं केलेलं होतं, आणि एवढ्या महिन्यांत त्याला गाणं म्हणायचं आमच्या तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"अमोल," तेजू दोन ओळींच्या मध्येच म्हणाली, "हेच की रे ते. आपलं."

"गा तू," अमोल म्हणाला. "बोलू नकोस, गा."

मुलानं खिशातून फोन काढला, इस्त्रीच्या पँटनं तसाच शेणात गुडघा टेकला आणि फोन बादलीजवळ धरला.

"बाबा, ऐका."

धार, आमचं गाणं आणि मामींचं पुटपुटणं चालूच होतं. मुलानं दोनदा विचारलं, "बाबा? ऐकू येतंय का?" मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पोरं हाईत का रं तितं?"

"आहेत, बाबा."

"त्यास्नी म्हणावं," मामा थांबले, खाकरले, "त्यास्नी म्हणावं, आज जेवून जावा."

मामींनी बादली उचलून आत नेली आणि चूल पेटवली. आम्ही हात धुतले आणि जेवायला बसलो.